मोरीमागची भिंत

आमच्या मोरीमागच्या भिंतीत टाकीचं पाणी झिरपतं. वर्षानुवर्षं झिरपतंय आणि आमचे हे वर्षानुवर्षं "उद्या बघतो" म्हणतायत. त्यामुळे तिथे कायम हिरवं, बुळबुळीत. पाहुणे आले की मी आधी मागचं दार लावून घेते.

वरच्या खोलीत एक पोरगी भाड्याने राहते. भर समुद्रातल्या आमच्या या बेटावर शेवाळाचे किती प्रकार आहेत ते शोधायला आलीय. मी तिला भिंगवाली म्हणते. अख्खा डोंगर पालथा घातला तिने, आणि हवं ते सापडलं कुठे, तर माझ्या मोरीमागे. तळहाताएवढं, चपटं, भिंतीला चिकटलेलं.

"काकू, हे लिव्हरवर्ट. शेवाळाची चुलत बहीण म्हणा. बेटावरून कधीच नाहीसं झालं असं सगळे धरून बसलेत."

नक्की तेच का, हे त्याला इवल्या छत्र्या फुटल्यावर कळणार होतं. तोवर ती त्याचा तुकडासुद्धा तोडेना. "एवढंसंच उरलंय, काकू. हात लावू नका हं." मी हो हो म्हटलं.

परवा म्हणाली, तिच्या मोठ्या बाई बोटीने येतायत, भिंत बघायला. त्यांची खात्री पटली तर काम पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

एवढी शिकलेली बाई घरात येऊन थेट मोरीमागची घाण बघणार? काय अब्रू राहिली माझी? म्हटलं, तिचं ते तेवढं सोडून बाकीचं घासू. आज ती बाईंना आणायला धक्क्यावर गेली आणि मी ब्रश, ब्लीच घेऊन भिडले. एकदा हात चालू लागला की मला थांबता येत नाही, मेला स्वभावच तसा. भानावर आले तेव्हा भिंत पांढरीफटक झालेली. ते कुठे होतं तेही ओळखू येईना.

दोघी आल्या. पोरीने भिंत पाहिली, मग माझे लाल झालेले हात पाहिले.

"कुठाय?" बाईंनी विचारलं.

"काकूंना सांगायला विसरले, मॅडम," पोरगी म्हणाली. "चूक माझी."

माझी मान खाली गेली ती वर होईना. सांगून टाक, बाई, सांगून टाक, असं आतून कोणीतरी ढोसत होतं आणि मी ओला ब्रश पदराआड लपवत होते.

"एवढी साधी गोष्ट सांभाळता येत नाही?" बाई तिला म्हणाल्या. "सामान बांध. उद्याच्या बोटीने परत."

मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. घर किती लख्ख ठेवलंय तुम्ही."

पोरगी माझ्याकडेच बघत होती.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हटलं.