तळाला शेक

देवाजीचा पाय घोट्यापर्यंत नावेच्या तळात खचला, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. वर, काठावरच्या घरात त्याची लेक चंदा पहिलटकरीण, कालपासून अडलेली. सोमारी सुईणीनं हात टेकले होते. पोरीला पल्याडच्या दवाखान्यात न्या, माझ्या भरवशावर राहू नका, असं तिनं स्पष्टच सांगितलं. रस्ता नाल्यांनी तोडलेला, वैनगंगा फुगलेली. अशा धारेत लाकडी डोंगा कोण घालणार? उरली ती ही फायबरची नाव, मागच्या एका पुरानंतर सरकारनं गावाला दिलेली आणि देवाजीनं पोटच्या पोरीसारखी जपलेली. पण धारेत वल्हं धरायचं तर मागे उभं राहून दोन्ही पाय रोवावे लागतात, आणि नेमकं तिथंच सगळं मऊ पडलेलं.

त्यानं पटाशीनं वरचा फायबर काढला. खालचं प्लायवूड काळं पडलेलं, ओल्या पेंडीसारखं हातात चुरत होतं. लाकडी डोंगा उन्हाळ्यात तडकू नये म्हणून नावाडी ढिवर लोक तो पाण्यात बुडवून ठेवतात. आज्यानं तसं केलं, बापानं केलं. देवाजी या नावेलाही दर उन्हाळ्यात तसंच बुडवून ठेवी, आणि फायबरखालचं प्लायवूड पाणी पीत राहिलं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती!

"मीच कुजवली इले," तो कुंताला, बायकोला म्हणाला. "जपता जपता कुजवली."

कुंतानं त्याला रडू दिलं नाही. रडायचं ते पोरीला पल्याड नेल्यावर रडा, म्हणाली.

नुसती फळी टाकली तर ती धारेत सरकणार. म्हणून त्यानं चुलीजवळच्या खोलीचं सागवानी दार उतरवलं. घरात तेवढंच लाकूड कोरडं उरलं होतं. ते मापात कापून बसवलं, वर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं आणि ते घट्ट धरणारं चिकट रेझिन चोपडलं. पंचायतीनं डागडुजीसाठी दिलेला रेझिनचा डबा उन्हाळ्यापासून घरात पडून होता. तहान लागल्यावर विहीर खणायची, दुसरं काय! पण पावसासाठी नावेवर ताणलेल्या ताडपत्रीखालच्या गार, दमट हवेत रेझिन काही केल्या सुकेना. वरून चंदाचं कण्हणं येई. देवाजी वेड्यासारखा तळावर फुंकर मारत बसला.

कुंता घरात गेली. बाळंतिणीला शेकायला आणून ठेवलेली वाळू तिनं तापवली, फडक्यांत बांधली. तळावर विटा मांडून पत्रा टेकवला, त्यावर ती गाठोडी ठेवली. गार झाली की पुन्हा तापवून आणायची. नवरा-बायको नावेला शेक देत राहिले. शेवटी देवाजीनं नख रोवून पाहिलं, रुतलं नाही. टाच आपटली. तळ दगडासारखा पक्का!

पोरीला आणायला तो काठ चढू लागला, तर समोरून सोमारी हळूहळू उतरत होती. तिच्या छातीशी फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"देवाजीभाऊ, चंदा गेली," ती म्हणाली. "पोरगी झाली. श्वास चालू हाय, पण रडत नाई. इले तरी न्या."

कुंतानं एकदाच घराकडे पाहिलं, चंदाजवळ बसून राहा असं सोमारीला सांगितलं, आणि बाळ घेऊन नावेत चढली. मग देवाजीही चढला.

धार अंगावर आली, नाव कलली, देवाजीचे पाय जागचे हलले नाहीत. त्याला त्या पक्क्या तळाचा भयंकर राग आला.

"खचत तं नाई ना?" कुंतानं विचारलं.

"नाई."

तिनं पदराखालून बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि पल्याडचा काठ लागेपर्यंत काढला नाही.