मूठ म्हणजे थांब

“मावशी, तू लग्नाऐवजी गाडी घेतेयस का?”

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणींचा होता. तो मी तोंडावर विचारून दाखवला, तर महिनाभर माझं दप्तर त्या उचलणार, अशी पैज लागली होती. सहा महिन्यांपूर्वीची मी असते तर दप्तराला स्वतःच चाकं लावली असती, पण तोंड उघडलं नसतं. वर्गात शंका विचारायची वेळ आली की मी शेजारणीला कोपर मारून तिला विचारायला लावायचे.

मावशी दातांची डॉक्टर आहे. मी विचारलं तेव्हा तिच्या खुर्चीत एक आजोबा दोन्ही गालांत कापूस भरून आ वासून पडले होते. मावशीने हातातलं काम थांबवलं नाही.

“नाही गं,” ती म्हणाली, “गाडी घ्यायच्या आधी खाली शिरून नीट तपासू देतात.”

आजोबांच्या घशातून तुंबलेली मोरी मोकळी झाल्यासारखा आवाज आला. त्यांना हसू आवरेना आणि तोंड मिटता येईना. मावशीने त्यांच्या कपाळावर हात ठेवून त्यांना शांत केलं. मग माझ्याकडे वळली. “शनिवारी चल. प्रश्न विचारणारं माणूस सोबत हवंच आहे मला.”

ती गाडी एका फर्निचरच्या दुकानाच्या मालकांची होती. जुनी, पण थाट असा की दार उघडताना आपणच चपला काढाव्यात. मलईच्या रंगाच्या चामड्याच्या सीट, छताला काच, आणि बटण दाबलं की सीट पाठ चेपून द्यायची. चारही चाकांना ताकद असलेली, डोंगर चढायला बनवलेली गाडी, आणि मालक अभिमानाने सांगत होते, “मॅडम, डांबर सोडून हिने काही पाहिलेलं नाही!”

“अगं बाई, बिचारी,” मावशी म्हणाली.

मग तिने जमिनीवर जुनी चादर अंथरली, पर्समधून आपला दात बघायचा आरसा काढला, तो इवलासा, लांब दांड्याचा, आणि सरळ गाडीखाली शिरली. बाहेर फक्त तिचे बूट. अधूनमधून आरशाच्या दांड्याने लोखंडावर टक टक. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी उगाच गंभीर चेहरा केला, जणू आमच्या घरात सगळ्या गाड्या अशाच घेतात.

“कीड नाही,” खालून आवाज. टक टक. “पोकळ कुठे लागत नाही.” टक. “पुढची एक दाढ हलतेय. बदलावी लागेल.”

इतकं करूनही तिने हो म्हटलं नाही. ही गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते. बटण दाबलं की चारही कोपऱ्यांनी चार बोटं उंच होते, कंबर कसून उठल्यासारखी. मावशीने टेपने चारही चाकांवरची उंची मोजली, मला वहीत लिहायला लावली आणि मालकांना म्हणाली, “आता हिला हात लावू नका. उद्या सकाळी येतो.” सकाळी पुन्हा मोजलं, तर मागचा डावा कोपरा दोन बोटं खाली बसलेला. म्हणजे तिथला फुगा झिरपत होता. मालक म्हणाले, जमीन उतरती असेल. मावशीने खिशातली गोटी काढून फरशीवर ठेवली. गोटी जागची हलली नाही. मालकांचा चेहरा मात्र उतरला.

नवा फुगा मालकांनी बसवून दिला, आणि गाडी मावशीची झाली. मी त्या रात्री मैत्रिणींना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “दप्तर राहू दे, आम्हालाच तुझी मावशी दे.”

पण हे सगळं कशासाठी? आईनेही तेच विचारलं. आई मावशीची मोठी बहीण, आणि मोठ्या बहिणींना लहान बहिणीची काळजी रागाच्या स्वरातच करता येते.

“ताई,” मावशी म्हणाली, “वीस वर्षं मी दोन बोटांच्या अंधारात बघतेय. एकदा मला असं काहीतरी बघायचंय, ज्याला पलीकडची बाजूच नाही.”

ते म्हणजे पठार. गॅरेजवाले काका दर वर्षी सात-आठ गाड्या घेऊन तिथे जातात. वाट नदीच्या पात्रातून आहे, आणि पात्र वर्षातून जेमतेम दोन आठवडे पुरतं कोरडं असतं. मागच्या वर्षी मावशी तिच्या छोट्या गाडीतून गेली आणि पहिल्याच दगडाला अडकून परत आली. तिच्या ओढून आणलेल्या गाडीचा फोटो बाबांनी महिनाभर सगळ्यांना दाखवला होता.

आता गाडी काकांच्या गॅरेजमध्ये गेली. मला वाटलं होतं, गाडी सजवायची म्हणजे दिवे, शिड्या, दोऱ्या, छतावर तंबू. काकांनी पहिले चार दिवस काहीच लावलं नाही, नुसतं काढलं. बाजूच्या चकचकीत पायऱ्या काढल्या, पुढची लोंबणारी प्लास्टिकची झालर काढली, मागच्या सीट काढल्या. भली मोठी सुंदर चाकंसुद्धा काढली.

“ती का?” मी विचारलं. आताशा मला विचारायचं व्यसनच लागलं होतं.

“चाक मोठं म्हणजे टायर बारीक,” काका म्हणाले. “टायर म्हणजे गाडीचा तळपाय. तळपायाला मांस नको? दगडावर चालायचंय, रंगमंचावर नाही.” त्यांनी लहान चाकं बसवली, त्यांवर गुबगुबीत टायर. गाडीच्या पोटाखाली जाड पत्रा. पुढे-मागे ओढायचे भक्कम आकडे. इंजिनाला श्वास घ्यायला छतापर्यंत नळी. तंबू आला तेव्हा काकांनी तो वजनकाट्यावर ठेवला, काट्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि तंबू दुकानात परत गेला. “डोक्यावर ओझं घेऊन उतार उतरणार? जमिनीवर झोपा. जमीन कुठे पळून जात नाही.”

पाठ चेपणारी सीट मात्र मावशीने काढू दिली नाही. “ती औषध आहे,” म्हणाली. डॉक्टरपुढे काका काय बोलणार?

गाडी तयार झाली तेव्हा मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. पूर्वी ती दिसायला छान होती. आता ती कुठेतरी निघाल्यासारखी दिसत होती.

आणि नेमकं तेव्हाच विघ्न आलं. काकांचा नियम असा की एका गाडीत एकटं माणूस चालत नाही. चढ-उतारावर चालवणाऱ्याला बॉनेट आणि आभाळ यापलीकडे काही दिसत नाही. कुणीतरी खाली उतरून, समोर उभं राहून खुणा करायच्या असतात. मावशीबरोबर तिची भूल देणारी डॉक्टर मैत्रीण जाणार होती. निघायला दहा दिवस असताना ती दवाखान्याच्या जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. बाकीच्या गाड्या भरलेल्या. दुसरं माणूस मिळालं नाही, तर मावशीचं यंदाचंही पठार गेलं.

“मी!” मी म्हणाले.

गॅरेजमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “सोळा पूर्ण?”

“मागच्याच महिन्यात.”

“मग दोन गोष्टी. आई-बाबांपैकी एकाची सही, आणि रविवारी दगडखाणीत परीक्षा. आधी परीक्षा.”

मावशी म्हणाली, “सही मी मागणार नाही हं. तुझं तोंड, तू उघड.”

आता एक कबुली देते. मला डावं-उजवं पटकन कळत नाही. चौथीत असताना शाळेच्या संचलनात ‘उजवीकडे वळा’ झालं, तेव्हा अख्खी शाळा एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे गेले होते. भिंत आली म्हणून थांबले. बाबा अजूनही जेवताना पाणी मागतात ते “तुझ्या उजव्या हाताचा तांब्या दे, म्हणजे डावीकडचा,” असं. घरातला हा कायमचा विनोद. मी कुणालाच सांगितलं नाही की परीक्षेआधीचे चार-पाच दिवस मी वहीत बाण काढून पाठ करत होते.

रविवारी खाणीत सगळ्या गाड्या जमल्या होत्या. मावशीपुढे एक ओबडधोबड उतार, मधोमध टेबलाएवढा दगड. मी खाली, तिच्याकडे तोंड करून. गाडीचं नाक माझ्या डोक्याच्याही वर. मावशीचे फक्त डोळे दिसत होते.

“डावीकडे!” मी ओरडले. “अजून डावीकडे!”

मावशी तिच्या डावीकडे वळली. मला हवी होती माझी डावी. चाक दगडावरून सटकलं, अख्खी गाडी एका बाजूला धाडकन बसली आणि दार दगडाला घासत गेलं. तो आवाज! फळ्यावर खडूऐवजी नखं ओढल्यासारखा.

कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट. माझे कान तापले. चौथीतली ती भिंत पुन्हा समोर आली.

मावशी खाली उतरली. आरसा काढला. दाराखालच्या पोच्याकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं, बोट फिरवलं, आणि म्हणाली, “भरता येईल.”

मी रडायच्या बेतात होते, हसूच आलं. म्हणजे दोन्ही एकदम आलं, फार विचित्र दिसले असणार.

“मला डावं-उजवं कळत नाही, मावशी,” मी बोलून टाकलं. “तू दुसरं कुणीतरी बघ.”

“मग काय झालं? तू माझ्यासमोर उभी होतीस ना? समोरच्या माणसाचं सगळं उलटंच असतं.” तिने आरसा माझ्या हातात दिला. “यात दाढ बघ. म्हणजे, हे टायर बघ. खाच कुठल्या बाजूला दिसते? आणि आहे कुठे? वीस वर्षं मी उलटं बघून सुलटं काम करतेय. पहिल्या वर्षी माझी सुई भलत्याच दाताशी जायची. मग मी डावं-उजवं म्हणणं सोडून दिलं. हात जिकडे न्यायचा तिकडे न्यायचा, बस. नाव कशाला द्यायचं?”

“मग मी ओरडू काय?”

“काही नाही. गाडी जिकडे जायला हवी तिकडे हात कर. तळवे स्वतःकडे, म्हणजे ये. मूठ म्हणजे थांब. आणि तोंड बंद.” ती स्वतःच हसली. “आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तोंड बंद ठेवायला सांगतेय.”

काका घड्याळ बघत होते. “अजून एकदाच,” म्हणाले.

मी पुन्हा उभी राहिले. ओठ मिटले. हात वर केले. गाडी जिकडे जायला हवी, तिकडे हात. नाव नाही, बाण नाही. आणि ती एवढी मोठी गाडी माझ्या हातांच्या मागे मागे यायला लागली, पाळल्यासारखी! एक चाक दगडावर चढलं. दुसरं आलं. तळवे स्वतःकडे. ये. ये.

मग मला पोटाखाली एक टोक दिसलं. पुढच्या चाकाने उडवलेला एक अणकुचीदार दगड उभा राहिला होता, पत्रा संपतो तिथे. मी मूठ वर केली.

मागून ओरडा सुरू झाला. “अहो मॅडम, थांबू नका! घसराल! चालवा, चालवा!” सगळे मोठे, सगळे अनुभवी. माझी मूठ वरच होती. मावशीला दगड दिसत नव्हता. आरडाओरडा ऐकू येत होता, आणि दिसत होती ती फक्त सोळा वर्षांच्या भाचीची मूठ, जिने पंधरा मिनिटांपूर्वी तिचं दार खरवडलं होतं.

गाडी जागच्या जागी थांबली.

काका धावत आले, वाकले, खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो दगड हाताने बाजूला काढून सगळ्यांना दाखवला. “तेलाच्या टाकीला बोटभर राहिला होता,” म्हणाले. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, “सही आणा.”

परतताना मी पाठ चेपणारी सीट चालू केली. खरंच औषध आहे.

“तू का थांबलीस?” मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा स्वतःचा होता.

“पेशंटने हात वर केला की मी थांबते,” मावशी म्हणाली. “दुखतंय कुठे, ते त्यालाच माहीत असतं.”

तिने मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं. तेवढ्यात आई-बाबा बाजार करून आले. आमच्या इमारतीखाली दोन खांबांच्या मध्ये बाबांची गाडी लागते. लागते म्हणजे रोज तीनदा पुढे, तीनदा मागे, आणि आई शेजारी बसून “खांब! अहो, खांब!” डाव्या खांबावर आमच्या गाडीचा रंग आहे, गाडीवर खांबाचा. म्हणजे डावा की उजवा, जाऊ दे.

बाबा मागे यायला लागले. मी जाऊन आरशात दिसेन अशी उभी राहिले आणि हात वर केले.

“बाजूला हो गं, मध्ये येऊ नकोस!” बाबा खिडकीतून ओरडले.

मी हलले नाही. तोंड बंद. हात तिकडे. थोडे तिकडे. तळवे स्वतःकडे. ये. बाबांनी आरशात पाहिलं, भुवया वर गेल्या, चाक वळवलं. पुन्हा तळवे. गाडी एका दमात आत शिरली, दोन्ही खांबांना सारखी वीतभर जागा सोडून. आईने “खांब” म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी मूठ वर केली.

बाबा थांबले. इंजिन बंद झालं. दार उघडणार, तोच मी पुढे होऊन खिडकीजवळ गेले. मूठ अजून खाली केली नव्हती.

“मी मावशीबरोबर पठारावर चाललेय,” मी म्हणाले. “येत्या शुक्रवारी, चार दिवस. तिच्या गाडीतलं दुसरं माणूस मी आहे. परीक्षा पास झालेय. दाराला पोचा पडलाय तो माझ्यामुळे, तेही आधीच सांगते. दोघांपैकी एकाची सही लागेल. कुणी करायची, ते तुम्ही ठरवा. जायचं मी ठरवलंय.”