नववा होल आणि अण्णांचा खडा

माळीबुवांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. धरली असती तर उलटी धरली असती, असं त्यांची बायको म्हणे. तरीही गोल्फचं अख्खं मैदान रचायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. मैदान खरं नव्हे, व्हिडिओ गेममधलं. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तीत खुर्च्यांपेक्षा वायरी जास्त, आणि त्या वायरींमध्ये बसून गेम बनवणारी मोजकी डोकी. कोणी खेळाडू नाचवी, कोणी आवाज भरी. जमीन, गवत, तळी, वाळूचे खड्डे हे माळीबुवांचं खातं, म्हणून हे नाव. त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतलं एकुलतं एक झाड कधीच वाळून गेलं होतं आणि त्यावरून व्हायचे ते विनोदही होऊन गेले होते.

मैदान नऊ होलांचं, म्हणजे बॉल भोकात घालायच्या नऊ टप्प्यांचं, ठरलं होतं. त्यातले आठ मॅडमनी पास केले होते, पण कसे, तर 'चालेल' म्हणून. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीण. नातेवाइकांचं बाळ बघून 'निरोगी आहे हं' म्हणावं, त्यातलं ते 'चालेल'. नवव्यापाशी मात्र घोडं अडलं. शेवटचा होल लोकांच्या लक्षात राहिला पाहिजे, त्यावर गेम विकला जातो, असं मॅडमचं मत होतं. माळीबुवा टेकडी उभी करत, मॅडम नको म्हणत. तळं खणत, तेही नको.

"यात काहीच नाही हो, माळीबुवा," शेवटी मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "कुठे बॉल मारावासा वाटत नाही, कुठे पडेल याची भीती वाटत नाही. इस्त्री केलेली चादर आहे ही."

"थोड्या सुरकुत्या पाडू का?"

"सुरकुत्या माझ्या कपाळावर पाडल्यात तेवढ्या पुरे. शुक्रवारी मोठे साहेब येतायत. तोवर नववा झाला नाही तर मैदान मी बाहेरच्या माणसाकडे देते. मग नावही त्याचंच लागेल. तुम्ही झाडं लावा."

झाडं लावणं म्हणजे या धंद्यातली शेवटची पायरी. दुसऱ्याने रचलेल्या जमिनीवर त्याच त्या तीन झाडांच्या प्रती टिकल्यांसारख्या चिकटवत बसायचं. पण माळीबुवांना खरं लागलं ते नावाचं. गेम संपला की पडद्यावर नावं सरकतात, त्यांत ते आजवर 'आणि इतर' यामध्येच मोडत आले होते. या वेळी 'मैदान' या शब्दापुढे ते एकटे असणार होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. पण दात घासताना त्यांच्या डोळ्यांसमोर ती ओळ येई आणि ब्रश थांबे.

जमीन उभी करायची रीत तशी सोपी. एक करडं चित्र काढायचं. पांढरं तिथे उंच, काळं तिथे खोल, मधल्या छटा म्हणजे उतार. चित्र गेममध्ये टाकलं की उतू जाणाऱ्या दुधासारखी जमीन आपोआप वर येते. बुधवारी दुपारी माळीबुवा असंच एक चित्र संपवत होते, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अण्णांची सोनोग्राफी झाली. फोटो पाठवलाय तुला. डॉक्टरांना मेल कर, माझ्या फोनवरून जात नाहीये."

"करतो. अण्णा कसे आहेत?"

"खुर्चीचा हात चावायचा तेवढा राहिलाय. लगेच कर."

अण्णा म्हणजे सासरे. मुतखड्याने त्यांना धरलं होतं आणि त्यांनी सगळ्या घराला. माळीबुवांनी फोटो संगणकावर उतरवून घेतला. तोही करडाच. त्याच्या शेजारी नवव्या होलचं त्यांचं स्वतःचं चित्र. दोन्हींचीही नावं म्हणजे संगणकाने ठेवलेले लांबलचक आकडे. त्यांनी एक डॉक्टरांना पाठवलं, दुसरं गेममध्ये टाकलं, आणि खाली चहा प्यायला गेले.

परत आले तर त्यांच्या टेबलाभोवती गर्दी. त्यांच्या मनात आलं, काहीतरी जळलं. त्यांच्या टेबलापाशी गर्दी व्हायला दुसरं कारण आजवर घडलं नव्हतं.

"काका, हे तुम्ही केलंत?" चष्मिसने विचारलं. ही पोरगी दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका काढी आणि त्याचा पगार घेई. आता मात्र तिला चूक सापडत नव्हती.

पडद्यावर घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं काळंभोर तळं पसरलं होतं. त्याच्या मधोमध एक पांढरंफटक, उभ्या कड्यांचं बेट. बेटाच्या मागे सरळ खाली गेलेली अंधारी दरी. आणि सगळ्याला वेढून वेड्यावाकड्या, जिवंत वाटणाऱ्या टेकड्या. चष्मिसने उत्साहाच्या भरात बेटाच्या डोक्यावर ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, बसवूनही टाकली होती.

"बॉल कमी पडला तर पाण्यात, जास्त झाला तर दरीत!" ती म्हणाली. "काय दुष्ट आहात तुम्ही, काका!"

माळीबुवांना आयुष्यात दुष्ट कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं.

"इतके दिवस हे कुठे दडवलं होतंत?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चक्क माळीबुवांची पाठ थोपटली. आपणच काढलं असेल हे, असं माळीबुवांना क्षणभर अगदी प्रामाणिकपणे वाटलं. मग वाटलं, छे, आपल्याकडून इतकं चांगलं व्हायचं नाही. आणि तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"फोटो पाहिला मी," डॉक्टर म्हणाले. "यात काहीच नाही हो."

"काहीच नाही?"

"खडा नाही, सूज नाही. खरं सांगू का, मला तर किडनीही दिसत नाही. पेशंटला नक्की दुखतंय ना?"

माळीबुवांनी फोन खाली ठेवला. यात काहीच नाही हो! मॅडमचे शब्द, जसेच्या तसे. म्हणजे मैदान म्हणून नापास झालेला त्यांचा हात किडनी म्हणूनही नापास झाला होता. आणि समोर पडद्यावर, चष्मिस जिथे चौथा बॉल बुडवत होती, ते तळं म्हणजे अण्णांची तुंबलेली किडनी होती, आणि बेट म्हणजे अण्णांचा खडा.

त्यांनी खरा फोटो डॉक्टरांना पाठवला, औषध सुरू झालं, आणि संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग ठसका लागेपर्यंत हसली, आणि मग आतल्या खोलीत जाऊन तिने अण्णांना सांगितलं. माळीबुवा दारात शाळकरी मुलासारखे उभे.

"म्हणजे जगभरची माणसं माझ्या किडनीत गोल्फ खेळणार?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा, मी उद्या सांगून टाकतो की चूक झाली."

"खबरदार! पोटात वागवला कोणी? मी. दाखवा बघू."

लॅपटॉप अण्णांच्या मांडीवर आला. अण्णांनी बॉल मारला. पाण्यात. परत मारला. दरीत.

"बरोबर," अण्णा खूश होऊन म्हणाले. "अगदी असाच आहे हरामखोर. बसून असतो तोवर सज्जन. हलला की इथून कळ निघते ती पार इथवर."

"कळलं, अण्णा," बायको म्हणाली. "रोज ऐकतोय."

"तुला नाही सांगत, जावयांना सांगतोय. लोक विचारतात, म्हणून सांगतो. तब्येत ठणठणीत होती तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं."

"लोक कुठे विचारतात? घराखालच्या वाण्याला दोनदा सांगितलंत."

"त्याने विचारलं."

"त्याने सुटे आहेत का विचारलं होतं, अण्णा!"

अण्णांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि पुढचा बॉल बुडवला. जेवण निवलं तरी ते लॅपटॉप सोडेनात. माळीबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. आठ होल त्यांनी बनवले होते, पण ते खेळताना कोणाचं जेवण निवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

शुक्रवारी मोठे साहेब आले. गेममध्ये पैसा त्यांचा, त्यामुळे मत त्यांचं. गडी खरा गोल्फवाला होता. मान उन्हाने भाजलेली, पण डावा हात गोल्फच्या हातमोज्यात राहून राहून पांढरा पडलेला, जणू दुसऱ्याकडून उसना आणलाय. पहिले आठ होल त्यांनी एका हाताने खेळून टाकले, दुसऱ्या हाताने फोन बघत. "ठीक," ते म्हणाले. "चालेल."

नववा आला. पहिला बॉल पाण्यात गेला. साहेबांनी फोन खाली ठेवला. दुसरा बॉल पाण्यात. तिसरा दरीत. साहेबांची मान होती त्याहून लाल झाली.

"हे बेट काढा," ते म्हणाले. "लोक वैतागतील. तळं राहू द्या, ग्रीन पलीकडे सपाटीवर घ्या."

"हो साहेब, मलाही ते खटकतच होतं," मॅडम म्हणाल्या. पाठ थोपटणारा हात तोच, पण आता तो पडद्याकडे बोट दाखवत होता. "माळीबुवा, काढा ते."

दोन मिनिटांचं काम होतं. पांढऱ्यावर काळा रंग फिरवायचा, बस. मैदान पास, आणि नाव पक्कं. माळीबुवांनी माउस हातात घेतला. त्यांना ती ओळ दिसली, 'मैदान' आणि पुढे ते एकटे. आणि त्या ओळीखाली आठाच्या जागी नऊ चादरी वाळत घातलेल्या दिसल्या.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी चष्मिसकडे पाहिलं.

"काय नाही?"

"बेट नाही काढणार. तो, म्हणजे... माझ्या सासऱ्यांचा मुतखडा आहे."

मग माळीबुवांनी घडलेलं सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांच्या फोनसकट. मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेब पडद्याकडे बघत होते, कुठे पाय पडलाय हे उशिरा कळलेल्या माणसासारखे.

"चूक माझीच," माळीबुवा म्हणाले. "पण साहेब, सासऱ्यांचं पोट ठीक होतं तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. आता ते दिसेल त्याला धरून सांगतात. हे आठ होल खेळून कोणी घरी जाऊन एक अक्षर बोलणार नाही. मीच बनवलेत, मला माहीत आहे. याच्याबद्दल बोलतील, शिव्या देत बोलतील. दुखतं ते काढलंत तर उरेल काय? काढायचंच असेल तर बाहेरच्या माणसाकडून काढून घ्या. मी झाडं लावतो."

इतकं सलग ते लग्नातही बोलले नव्हते. त्यांचे कान तापले.

"नववा परत सुरू कर," साहेब चष्मिसला म्हणाले.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. चहा आला, त्यावर साय धरली. फोन वाजला, त्यांनी तो उपडा केला. खालून ड्रायव्हर विचारायला आला, त्याला त्यांनी न बघता हाकललं. बॉल बुडत होते, आणि प्रत्येक बॉलमागे साहेब माळीबुवांच्या सासऱ्यांबद्दल काहीतरी पुटपुटत होते, ते या कानाचं त्या कानाला न कळलेलंच बरं. मग एक बॉल उंच गेला, बेटाच्या कडेवर आपटला, जरा डगमगला, आणि थांबला.

साहेब उठले ते खुर्ची पाडूनच. बॉल अजून भोकात जायचा होता, पण त्याची त्यांना पर्वा नव्हती. फोन कानाला लावून ते दाराकडे निघाले.

"अरे ऐक, काय होल आहे! मध्ये तळं, आणि तळ्यात मुतखडा... मुतखडा रे, खराखुरा... माझा कसा असेल?... नाही, तू पहिल्यापासून ऐक..." दारातून वळून त्यांनी मॅडमना हातानेच 'राहू द्या' अशी खूण केली आणि जिन्याने उतरत गेले. खाली औषधांच्या दुकानापाशी ते थांबले आणि फोनवरचं झाल्यावर दुकानदाराला सांगू लागले, तेही वर ऐकू येत होतं.

मॅडमनी पडलेली खुर्ची सरळ केली आणि तीत स्वतः बसल्या.

"नाव तुमचंच लागेल," त्या म्हणाल्या. "पण आता ते आठ उघडा."

"का?"

"का म्हणजे? साहेबांच्या तोंडावर कोण म्हणालं, की ते खेळून कोणी एक अक्षर बोलणार नाही?"

चष्मिस खुदकन हसली. माळीबुवांनी पहिला होल उघडला. हिरवा, गुळगुळीत, बापडा होल. त्यांनी एक बॉल मारून पाहिला. तो निवांत घरंगळत गेला आणि एका जागी आरामात बसला. माळीबुवा ती जागा थोडा वेळ निरखत राहिले. मग त्यांनी काळा रंग घेतला आणि नेमकं तिथेच खणायला सुरुवात केली.