आकाराम तात्यांचा जावई

जावयाला नाही म्हणायचं नसतं, आणि अधिक महिन्यात तर नाहीच नाही, हे संयोगितानं सकाळपासून नवऱ्याला चार वेळा बजावलं होतं. पहाटे उठून तिनं पुरण घातलं होतं, मोजून तेहतीस धोंडे वळले होते, आणि आता वाणाचं ताट सजवता सजवता ती स्वयंपाकघरातनं ओरडत होती, "आज तोंडाला आवर घाला. त्यांनी काय बी बोलू दे, तुम्ही नुसती मान हलवा!"

"मान हलवायला मी काय नंदीबैल हाय?" आकाराम सोप्यातनं म्हणाला.

"आजच्या दिवस व्हा की!"

आकाराम म्हणजे गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात तीस वर्षं तो सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट मोजून भाव लावत होता. तीस वर्षांत त्यानं कुणाचा पाव पॉइंट खाल्ला नव्हता आणि कुणाला पाव पॉइंट फुकट दिला नव्हता. सख्ख्या भावालासुद्धा नाही. भाऊ त्यावरनं वर्षभर बोलत नव्हता, पण दूध मात्र तिथंच घालत होता. गावात कुणाचा वाद झाला की लोक म्हणायचे, तात्यांना विचारा. असल्या माणसाला मान हलवायला सांगणं म्हणजे जरा जास्तच होतं.

बाराच्या सुमाराला लेक आणि जावई आले. लेक वर्षाराणी, लग्नाला तीन वर्षं झालेली. जावई सम्राट, दिसायला झकास, बोलायला त्याहून झकास. कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्यानं वर्षापूर्वी जयसिंगपुरात काचेचं ऑफिस थाटलं होतं. तिथं तो लोकांचे पैसे घ्यायचा आणि शेअर बाजारात फिरवायचा. धंदा एवढाच.

पाटावर बसवून ओवाळणं झालं, जेवणं सुरू झाली, संयोगितानं वाणाचं ताट पुढं केलं. ताटात धोंडे, दिवा, कापडं आणि अर्ध्या तोळ्याची अंगठी. सम्राटनं हात जोडले.

"मामी, अंगठी कशाला? मला वाण द्यायचंच असंल तर मामांनी इस्वास द्यावा."

संयोगितानं नवऱ्याकडं बघून डोळे मोठे केले. आकारामनं मान हलवली.

"मामा, तुमचं पाच लाख बँकेत कुजत पडल्यात. माझ्याकडं द्या. महिन्याला आठ टक्के काढतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

"आणि तोटा?"

"तोटा होतच न्हाय मामा. आपली सिस्टीम हाय."

"तसं न्हवं पावणं. झालाच, तर कुणाचा?"

"बाजाराचा की!"

"बाजार येणार व्हय माझ्या दारात भरून द्यायला?"

संयोगितानं वाढता वाढता पळी भांड्यावर आपटली. सम्राट हसला. त्याला राग येत नव्हता, हाच आकारामला सगळ्यात मोठा वैताग होता. त्यानं मोबाइल काढून पुढं धरला. नफ्याचे हिरवे आकडे, सगळे हिरवेच. आकारामनं चष्मा लावून एकेक तारीख बघितली.

"हे बारा दिवस झाले. महिन्यात बाजार वीस-बावीस दिवस भरतो म्हणं. बाकीचं कुठायत?"

"बाकीचं आपलं नॉर्मल."

"दावा की नॉर्मल. आमच्याकडं किटली न ढवळता वरचं वरचं दूध काढलं की कुणाचं बी फॅट झकास लागतंय. ढवळून दावा."

"मामा, दूध येगळं आणि मार्केट येगळं."

"बरं. लोकांचा पैसा फिरवायला सरकारात नोंदणी लागती, ती हाय?"

"घरच्या माणसांत कसली नोंदणी?"

"मग घरातनंच सुरू करा. एवढी सिस्टीम हाय तर सोताचं घालून कोट्यधीश व्हा की. दुसऱ्याचा पैसा कशाला पायजे?"

"चार लोकांचं भलं व्हावं म्हणून करतोय ओ मामा."

आकारामनं कपाळावर हात मारून घेतला. चार लोकांचं भलं! आजवर गावात जो जो माणूस चार लोकांचं भलं करायला आला होता, त्यानं जाताना चार लोकांची भांडीकुंडी नेली होती. "तुमच्या वडलांनी किती घातल्यात?" त्यानं विचारलं.

सम्राटनं अख्खा धोंडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसला. वर्षाराणी खाली मान घालून भात कालवत होती. भात केव्हाच कालवून झाला होता, तरी ती कालवतच होती.

"एक रुपया देणार न्हाय," आकाराम म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

मग संयोगिताची सारवासारव. अंगठी सम्राटच्या बोटात तिनं स्वतः घातली, नवऱ्याला धरून आणून शेजारी उभं केलं आणि वर्षाराणीला फोटो काढायला लावला. फोटोत सम्राटच्या हातात वाणाचं ताट होतं, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सासरा. सासऱ्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होता, पण ते बारकाईनं कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत दूध घालायला आलेल्या बाळासोनं किटली ठेवली. आकारामनं माप बघितलं आणि थांबला.

"बाळासो, दूध निम्म्यावर आलंय. म्हैस आटली का काय?"

"इकली की तात्या."

"इकली? दोनातली चांगली इकली? कशापायी?"

बाळासो पुढं झुकून, लई मोठं गुपित सांगावं तसा म्हणाला, "आता तुमच्यापास्नं काय लपवायचं? येत्या रविवारी तुमच्या जावयाकडं घालणार. म्हशीचं नव्वद हजार आणि वरचं थोडं. आमी बाराजण हाय."

आकारामच्या हातातलं माप तसंच राहिलं. "तुला कुणी सांगितलं घालायला?"

"सांगायला कशाला पायजे? आकाराम तात्यांचा जावई हाय. तात्या कुणाच्या पाव पॉइंटला हात लावत न्हाईत, त्यांच्या घरातला माणूस काय टोपी घालंल व्हय? आणि बँकेतलं तुमचं पाच लाख अख्ख्या गावाला ठाऊक हाईत, ते काल तुम्हीच दिलासा की वाणात!"

"मी?"

बाळासोनं मोबाइल काढला. सम्राटच्या स्टेटसला कालचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'मामांचा आशीर्वाद, मामांचा विश्वास. सुरुवात घरापासून!'

"आरं, एक रुपया दिल्याला न्हाय मी! कुणी पसरवलं हे?"

बाळासोनं डोळा मारला. "बरं बरं. न्हाय दिल्याला. आमी कुणाला बोलणार न्हाय."

किटल्या संपेपर्यंत आकाराम एकेकाला सांगत सुटला आणि एकेकानं त्याचं डोकं खाल्लं. एकजण म्हणाला, तात्या इन्कम टॅक्सला भ्यालेत. दुसरा म्हणाला, आपण श्रीमंत झालो की संस्थेला दूध कोण घालणार, म्हणून तात्यांचं पोट दुखतंय. एक म्हातारी तर रागानंच म्हणाली, "सोताचं आदी घातलंस आणि आमास्नी नगं म्हणतोस व्हय रं?" तीस वर्षं ज्याच्या शब्दावर गाव मान डोलवत होतं, त्याचा एवढा एकच शब्द कुणाला पटेना. आणि का पटेना, तर त्याच्याच शब्दावर विश्वास होता म्हणून! आकारामला हसावं का डोकं आपटावं कळेना.

त्यानं सम्राटला फोन लावला. "पावणं, तो फोटो काढा आदी."

"मामा, स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातंय."

"आणि लोकांच्या डोक्यातनं?"

"मी कुठं खोटं बोललो? आशीर्वाद दिलासाच की. पैशाचं मी एक अक्षर लिव्हल्यालं न्हाय. लोक म्हणत्यात त्याला मी काय करू?"

आकारामनं फोन असा दाबला की बटण असतं तर आत गेलं असतं.

घरी येऊन त्यानं संयोगिताला सगळं सांगितलं. संस्थेत दुधाच्या भावाचा फळा असतो, त्यावर लिहितो म्हणाला. बोललेलं कुणी ऐकंना, पण फळ्यावर लिहिलेलं अख्खं गाव मानतं. संयोगिता मटकन खाली बसली.

"जावयाचं नाव चारचौघांत फळ्यावर? पोरीला नांदवतील का मग? ती तिथं एकटी हाय ओ. तिला जे ऐकावं लागंल ते तुम्ही ऐकणार हाय का?"

"आणि बाळासोची दुसरी म्हैस गेली की?"

"बाळासोला मी जन्म दिल्याला न्हाय!" ती रडायला लागली.

आकारामनं जेवण तसंच झाकून ठेवलं. पोरगी डोळ्यासमोरनं हलेना, आणि बाळासोचा तो मारलेला डोळाही हलेना. चार वाजेपर्यंत तो सोप्यात येरझाऱ्या घालत राहिला. फळ्यावर लिहिलं तर लेकीच्या संसारात आपल्या हातानं काडी लावल्यासारखं होतं, आणि नाही लिहिलं तर बारा घरं त्याच्या नावावर बुडणार होती. पाचला त्यानं टोपी घातली आणि संस्थेत गेला.

फळ्यावर म्हशीच्या दुधाचा भाव होता, गाईच्या दुधाचा भाव होता. खाली त्यानं त्याला येत होती त्याच नोटिशीच्या भाषेत, ठळक अक्षरात लिहिलं: 'सर्व दूध उत्पादकांना कळविण्यात येते की, श्री. सम्राट हे माझे जावई आहेत. मी त्यांना बाजारात घालण्यासाठी एक रुपयाही दिलेला नाही व देणार नाही. माझ्या नावावर कोणीही पैसे देऊ नयेत. आकाराम, सेक्रेटरी.'

बाळासोनं दोनदा वाचलं. कुणीतरी फोटो काढला. पहिली किटली मापात ओतेपर्यंत फोन वाजला. वर्षाराणीचा होता.

"आबा, फळ्याचा फोटो आला इकडं."

"बाई, माझा इलाज न्हवता गं. सकाळपास्नं..."

"आबा, माझं ऐका जरा. दोन महिनं झालं, सोन्याचं डाग मोडून दे म्हणून हे माझ्या मागं लागल्यात. मी दिल्यालं न्हाय. घरात बोलणं बंद हाय. काल जेवताना तुम्ही त्यास्नी सगळं विचारलासा, तोटा कुणाचा, नोंदणी कुठाय. मला वाटलं, आता मला बी विचारतील, तुझं काय म्हणणं हाय पोरी. कुणी विचारलंच न्हाय. आई डोळं वटारत होती, तुम्ही हात धुवायला गेलासा."

आकारामनं किटली खाली ठेवली.

"खडू हाय का हातात? माझं बी नाव लिव्हा खाली. बायकोनं बी एक रुपया दिल्याला न्हाय म्हणावं. मग पटंल सगळ्यास्नी."

"पोरी, तुला तरास देतील."

"देतातच की. लिव्हा."

त्यानं फोन खांद्यानं कानाला दाबून धरला आणि आपल्या नावाखाली लिहिलं, 'सौ. वर्षाराणी यांनीही दिलेला नाही.' अक्षर वाकडं आलं. मागं बाळासोनं खिशातनं मोबाइल काढला आणि म्हैस नेलेल्या माणसाला फोन लावत बाहेर गेला.

"लिव्हलं," आकाराम म्हणाला. "उद्या येतो तुला न्यायला."

"न्यायला नगं. नुसतं या. आणि आल्यावर त्यांच्या आदी माझ्याशी बोला."

"व्हय, आदी तुझ्याशीच," आकाराम म्हणाला.