दुकानात स्वयंपाकघर नसतं

कंपनीच्या मालकांनी तिच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची उचलली आणि खोलीच्या बरोबर मधोमध आणून ठेवली. मग दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून त्यांनी दोन्ही स्पीकरांकडे पाहिलं, खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली आणि आता कुठे जगाचा तोल साधला, अशा थाटात तिच्यात बसले.

"लाव," ते म्हणाले.

तिने त्यांचीच रेकॉर्ड लावली. स्पीकर ऐकायला कुठेही जायचं म्हटलं की मालक ही रेकॉर्ड काखेत मारूनच निघत. तिच्यातली झांज कंपनीच्या जुन्या स्पीकरवर अशी वाजे की दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक जागच्या जागी थबके. नव्या स्पीकरवर ती झांज नुसती झांजेसारखी वाजली. मालकांच्या कपाळावर आठी चढली.

ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. कंपनीत पाठीमागे तिला हट्टीबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. पण आज तिची नोकरी पणाला लागली होती. हा नवा स्पीकर तिने आखला होता, आणि गेल्या आठवड्यात दुकानदारांच्या बैठकीत एकाने त्याला 'मवाळ' म्हटल्यावर तिने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, तुम्ही आवाज विकत नाही, दचका विकता. दुकानदार भडकले. त्यांची समजूत घालता घालता मालकांच्या नाकी नऊ आले. शेवटी ठरलं ते असं: स्पीकर दुकानदारांच्या मनासारखा बदलायचा आणि उद्याच्या बैठकीत हट्टीबाईने माफी मागायची. जमत नसेल तर तिने घरी बसावं, स्पीकर दुसरं कुणीतरी बदलेल. तिने एवढंच मागितलं होतं की एकदा माझ्या घरी येऊन ऐका. मालक आले, हा त्यांचा चांगुलपणा.

"मधे बसलं की जुनाच बरा," मालक डोळे उघडून म्हणाले. "याच्यात चमक कमी आहे."

"आहे कमी. मुद्दाम ठेवली आहे."

आणि तिने पुन्हा एकदा सगळं सांगितलं. जाड आवाज पाण्यासारखा पसरतो, दाराआडही पोचतो. बारीक आवाज मात्र बॅटरीच्या झोतासारखा नाकासमोर जातो. जुन्या स्पीकरचा झोत नेमका मधल्या खुर्चीवर पडायचा आणि कडेला सगळा अंधार. तिने पेटीतल्या वरच्या छोट्या स्पीकरभोवती उथळ बशीसारखा खोलगटपणा कोरला, पेटीच्या कडा गोल केल्या आणि खालच्या मोठ्या स्पीकरने बारीक आवाजात लुडबुड करू नये म्हणून त्याला आधीच अडवलं. आता झोत रुंद झाला होता. मधल्या खुर्चीची थोडी चमक गेली, पण कुठेही बसलं तरी आवाजाचा रंग तोच राहत होता.

"अगं, पण ऐकणारा मधेच बसतो ना?"

"एकच जण बसतो. बाकीचे?"

मालक उठून शेल्फवरच्या रेकॉर्डी चाळू लागले आणि एकदम खुलले. हातात आलेली रेकॉर्ड त्यांच्या वडिलांकडेही होती म्हणे. हीच लाव, म्हणाले. तिने दुसरी सुचवली, तिसरी सुचवली. ही घासली गेली आहे, असंही सांगून पाहिलं. मालक ऐकेनात.

रेकॉर्ड तिच्या वडिलांची होती. वडील हयात असताना ते मधल्या खुर्चीत बसत आणि गाणं चालू असेतो त्यांच्या मागून जायचीसुद्धा कुणाची टाप नसे. आई स्वयंपाकघरात. तिथवर यायचा तो ठेका आणि स्वर. स, थ, त, क ही मंडळी बाहेरच्या खोलीतच अडायची. आईने गाळलेल्या जागा आपल्या मनाने भरल्या होत्या. ध्रुवपद आलं की ती ठणकावून म्हणायची, 'हात जोडू नको, हात जोडू नको'. घरमालकाशी भांडून आली की हेच. मुख्याध्यापिकेने लेकीला विज्ञान झेपायचं नाही असं सांगितलं, तेव्हा शाळेतून परत येताना भररस्त्यात हेच. लेक त्या ओळीवरच वाढली.

पुढे कंपनीत लागल्यावर एकदा चांगल्या स्पीकरसमोर बसून तिने ती ओळ ऐकली आणि गार पडली. गाणारी म्हणत होती, 'साथ सोडू नको'. ताठ मानेची कुणी त्या गाण्यात नव्हतीच. हे तिने आईला कधी सांगितलं नाही. घरात जुने स्पीकर होते तोवर सांगायची वेळही येणार नव्हती.

"लावतेस ना?" मालक खुर्चीत परत बसत म्हणाले.

तिने सुई टेकवली. आत आई भाजी चिरत होती. गाणं ओळखून तिने लगेच सूर धरला. पहिलं ध्रुवपद आलं आणि तिचा आवाज मधेच थांबला. दुसऱ्यांदा आलं तेव्हा सुरीचाही आवाज थांबला. ओले हात पदराला पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"हिने शब्द बदललेत का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ही गायिका दुसरी आहे, एवढं म्हटलं असतं तरी आईचं समाधान झालं असतं आणि मालकांना पत्ताही लागला नसता.

"नाही, आई. पहिल्यापासून हेच आहेत."

आईने बोटाने खूण केली, पुन्हा लाव. मालकांना काय चाललंय ते कळेना, पण वयाचा मान ठेवून ते खुर्चीतून उठले.

"ताई, तुम्ही इथे मधे येऊन बसा. इथून खरं ऐकू येईल."

"मी कशाला उठून येऊ?" आई दारातल्या स्टुलावर टेकत म्हणाली. "इथे येतंय की सगळं."

तिने मान खाली घालून ऐकलं. हट्टीबाईला तिच्याकडे बघवेना. आपण आईला काहीतरी द्यायला गेलो आणि होतं तेच हिसकावून घेतलं, असं तिला वाटत राहिलं.

"म्हणजे ती त्याची विनवणी करतेय," आई अखेर म्हणाली.

"हो."

आई गुडघ्यावर हात रोवून उठली.

"मग माझंच बरं होतं."

ती आत गेली आणि पुढचं ध्रुवपद आलं तसं तिने आपलं म्हणणं सुरू केलं, गायिकेच्या वरताण. दोघींचा ठेका एक, सूर एक आणि सांगणं पार उलटं. हट्टीबाईला हसू आलं, डोळेही भरून आले.

रेकॉर्ड संपली. मालकांनी स्वतःची रेकॉर्ड पाकिटात घातली आणि पाकीट उगाच दोनदा झटकलं.

"घरासाठी चांगला आहे," ते म्हणाले. "नाही कोण म्हणतंय? पण दुकानात स्वयंपाकघर नसतं. उद्या दोन शब्द बोलून टाक त्यांच्याशी. पुढचं मी सांभाळतो."

"नाही बोलणार." तिचा आवाज चढला नाही. "चमकही वाढवणार नाही. दुसऱ्या कुणाकडून वाढवून घ्या. पण मग पेटीला त्या गोल कडा ठेवू नका. त्या माझ्या आहेत."

मालक दाराशी गेले आणि बूट घालायला वाकले. आत आई रेकॉर्डशिवायच गात होती.

"माझी आई या ओळीला 'ताट ओढू नको' म्हणायची," ते बुटाकडे बघतच म्हणाले.

हसावं की नाही, तिला समजेना.

"आम्ही भावंडं पोट धरधरून हसायचो. पाहुणे आले की मुद्दाम म्हणायला लावायचो तिला. वडीलही हसायचे." त्यांनी नाडी ओढली. "पुढे तिने गाणंच सोडलं. आम्हाला वाटलं, वय झालं."

नाडी बांधून झाली तरी ते काही वेळ वाकलेलेच होते. मग भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले.

"स्पीकर आहे तसाच राहू दे. उद्या दुकानदारांशी तूच बोल."

"मी माफी मागणार नाही."

"मग दुसरं काहीतरी बोल," मालक म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरू लागले.