बिस्किटावरची फुलं

दुपारचा चहा आला की बाबा पुड्यातलं बिस्किट काढत आणि आधी त्याच्यावरून अंगठा फिरवत. कडेने उठावाची इवली फुलं, मधे बारीक भोकं. अंगठ्याचं समाधान झालं की मग बिस्किट चहात. दोन खाऊन झाली की खुर्चीतच त्यांचा डोळा लागे. स्वप्नात त्यांना सगळं लख्ख दिसे. जागेपणी मात्र नुसतं धुकं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. साखर अशीच चढत राहिली, तर उरलीसुरली नजरही जाईल. बाबांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. लेकीने पुडा उचलून ठेवला, तर दोन दिवस तोंड फुगवून बसले. रुसलेल्या म्हाताऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? पुडा परत आला.

सांगून ऐकत नाहीत, तर फसवायचं, असं तिने ठरवलं.

खाली त्यांचं ठशांचं दुकान होतं, वर घर. कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांची नजर अधू झाल्यापासून दुकान तीच बघत होती. तिने विकतच्या बिस्किटाशी ताडून, पाकळीला पाकळी जुळवून एक छोटा ठसा कोरला. मग ओट्स दळले, त्यात कणीक आणि बदामाची पूड घातली. साखरेला फाटा दिला, गोडीला नावापुरता खजूर, वासाला दालचिनी. पहिली खेप दगडासारखी झाली, दुसरीचा हातात भुगा. तिसरी ओव्हनच्या काचेमागे सावकाश तांबूस होऊ लागली, तेव्हा ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. दालचिनीचा वास खोल्याखोल्यांतून हिंडत होता. पडदे उन्हात हलत होते. सगळं घर झोपेत गोड काहीतरी पुटपुटतंय, असं तिला वाटलं. या घरात वाईट काही घडणारच नाही, असंही वाटलं.

बिस्किटं निवल्यावर तिने ती विकतच्याच एका रिकाम्या पुड्यात रचली आणि साळसूदपणे चहा नेला.

बाबांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे कुणी केलंय?"

"कुणी म्हणजे? दुकानातलंच आहे."

"दुकानातल्याची फुलं वर येतात. ही खड्ड्यात पडलीत."

तिने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कापडाच्या ठशात फूल तसंच ठेवायचं आणि भोवतालचं लाकूड कोरून काढायचं, ही इतक्या वर्षांची सवय. हाताने मुकाट्याने तेच केलं होतं. तो ठसा पिठात दाबला आणि फुलं आत रुतली. दोन धड डोळे असून तिला ते दिसलं नव्हतं.

बाबा पोट धरून हसले. "लबाडी कर, पण धंद्याची अब्रू तरी राख." मग त्यांनी एक तुकडा तोडला आणि बराच वेळ चघळला. "साखर घालताना हात आखडला वाटतं."

"घातलीच नाही. बाबा, मला भीती वाटते हो. तुम्हाला अगदीच दिसेनासं झालं तर?"

बाबांनी हातातलं बिस्किट संपवलं.

"खरा पुडा कुठे लपवलास?"

"कपाटात."

"देऊन टाक कुणाला तरी. आणि उद्या लाकूड घेऊन बस माझ्यापाशी. मी अंगठ्याने सांगतो, तू कोर."

एवढ्या सहज ऐकण्यातले ते नव्हते.

"स्वप्नात तू येतेस," ते म्हणाले, "पण सात-आठ वर्षांची. दोन वेण्या, गुडघा फुटलेला. त्यापुढे वाढतच नाहीस. आत्ताची तू खिडकीपाशी उभी राहिलीस की मला नुसती कड दिसते. चेहरा नाही, कडच. आत्ताची तू माझ्याकडे तेवढीच आहेस. ती घालवायची नाही मला."

चहा तसाच ठेवून ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.