कोरडी बाजू

"वकीलसाहेब, ती बाजू ओली आहे," मावशीने वरून सांगितलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे वकील फोन कानाला लावून नेमके ओल्या बाजूनेच खाली उतरले.

बुटांचे ठसे पायरीपायरीवर उमटत गेले. मावशीने कपाळाला हात लावला. जिना एका वेळी अर्धाच पुसायचा, अर्धा कोरडा ठेवायचा, म्हणजे कुणाची वाट अडत नाही आणि कुणी घसरतही नाही, ही तिची जुनी पद्धत. इमारत नवी होती तेव्हापासून ती ही पद्धत पाळत आली होती आणि तेव्हापासूनच इमारतीतली माणसं ओल्या बाजूने चालत आली होती. सांगून सांगून जीभ झिजली. मांजरसुद्धा ओल्यात पाय टाकण्याआधी विचार करतं, असं ती म्हणायची, पण हळू आवाजात.

सगळे तिला मावशीच म्हणत. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तिच्याहून चांगले मोठे होते, तेही मावशी म्हणत, आणि याचाही तिला राग होता.

तसा तिला हल्ली सगळ्याचाच राग यायचा. पोछा नवीन आणला तर त्याचे धागे सुटतात. बादलीची कडी दोन दिवसांत निखळते. आणि साबणाचं तर विचारूच नका. पूर्वी लॉबी पुसली की वासावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं; आताच्या साबणाला वास म्हणून नाही. नुसतं पाणी विकतात मेले. परवा घरी गॅसवर दूध करपलं, ती शेजारीच भाजी निवडत बसली होती, आणि नळावरून सून धावत आली. तेव्हाही मावशी म्हणाली, दूधच असलं भेसळीचं, करपलं तरी वास येत नाही. सुनेने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पातेलं घासायला घेतलं.

ही सून महिनाभर तिच्यासोबत कामाला येत होती. मावशीच्या गुडघ्यांना एवढी इमारत आता झेपत नव्हती. सेक्रेटरींनी स्पष्ट सांगितलं होतं, महिनाभर बघू, सून तयार झाली तर दोघींना ठेवू, नाहीतर यंत्रवाल्या कंपनीला काम देऊन टाकू. तो महिना आज भरत होता. म्हणून मावशी पहाटेपासून सुनेच्या मागे हात धुऊन लागली होती. वरच्या मजल्यापासून खाली ये. घाण पाण्यात पोछा बुडवू नकोस. लिफ्टचं दार कोरड्या फडक्याने, उभं पूस, गोल गोल नको. सून मान डोलवायची आणि नीट करायची, त्यामुळे मावशीला ओरडायला काही सापडत नसे. तोही एक वैताग.

एकाच गोष्टीवरून दोघींचं वाजलं होतं. जिन्याखालच्या कपाटात साबणाचं पाणी आणि वॉचमनच्या संडासासाठी पातळ केलेलं अ‍ॅसिड, दोन्ही सारख्याच रिकाम्या बाटल्यांत भरलेलं असायचं, दोन्ही पिवळट. सुनेने अ‍ॅसिडच्या बाटलीला लाल चिंधी बांधली होती. मावशीने ती सोडून टाकली.

"बाटलीला काय नजर लागणार आहे? झाकण उघडायचं, हुंगायचं, कळतं. इतकी वर्षं मी काय चिंध्या बघून काम केलं?"

बाटल्यांची अदलाबदल परवडणारी नव्हती, कारण लॉबी संगमरवराची होती. पांढरी, आणि अशी की सकाळी अख्खं दार तिच्यात उतरायचं. बायका बाहेर पडताना खाली बघून केस सारखे करायच्या. अ‍ॅसिड संगमरवर खातं, हे मावशीने सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि नंतर रोज सांगितलं होतं. या फरशीवर तिचा जीव होता. स्वतःच्या घरात शहाबादी होती, तीही फुटकी.

त्या सकाळी लिफ्टपाशी कुणीतरी चहा सांडून ठेवला होता, वाळून डाग पडलेला. डाग घासत बसतो तो अडाणी. त्यावर साबण ओतायचा, थोडा मुरू द्यायचा, मग अलगद टिपायचा. मावशीने कपाटातून बाटली काढली, सवयीने नाकाशी नेली. वास नाही. म्हणजे साबणच. तिने डागावर चांगला घसघशीत ओतला.

तेवढ्यात वकील परत आले. काहीतरी विसरलं होतं, आणि वर जाताना पुन्हा ओल्या बाजूने. आज मात्र मावशीचा तोल सुटला. यांना एकदाचं समजावून सांगायचंच म्हणून ती गुडघे धरत त्यांच्यामागे जिना चढली. कोरडी बाजू कशासाठी असते ते तिने त्यांना पहिल्या मजल्यावर गाठून सविस्तर सांगितलं. वकिलांनी ऐकून घेतलं, सॉरी म्हणाले आणि ओल्या बाजूनेच वर गेले.

लिफ्टचं दार पुसायला सून खाली आली होती. तिचा आवाज आला.

"आई, इथे अ‍ॅसिडचा वास येतोय."

तुला भास होतात, असं म्हणत मावशी उतरली. लिफ्टपाशी आल्यावर तिला ऐकू आलं. फरशी चुरचुरत होती. साबणाचा फेस गप्प असतो.

दोघींनी बादल्याच्या बादल्या ओतल्या, पुसलं, टिपलं. पण फरशी वाळली तसा तो दिसायला लागला, ताटाएवढा निस्तेज चट्टा. दाराचा उजेड तिथवर यायचा आणि थांबायचा. मावशीने पदराने घासून पाहिलं. घासून काही होणार नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

सेक्रेटरी नेमके तेव्हाच ऑफिसला निघाले होते. त्यांनी चट्टा पाहिला, बाटली पाहिली. मावशी तोंड उघडणार तोच सून म्हणाली, माझ्याकडून सांडलं.

सेक्रेटरींना नवल वाटलं नाही. नवीन माणसाचं असंच होतं, म्हणाले, आता कंपनीलाच बोलवावं लागेल. "मावशी, तुमच्या हातून असं कधी झालंच नसतं."

हे वाक्य ऐकायची मावशीला किती वर्षं इच्छा होती. आलं ते आज. तिला सुनेचा भयंकर राग आला. हिला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? फरशी माझी, आणि माती मी खाल्ली. आणि सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की ही पोर आपल्याला सांभाळून घेत होती, दूध करपलं त्या दिवसापासून.

"दुसरी बाटली आण," ती सुनेला म्हणाली. "दोन्ही माझ्या मागे धर. बदल. आता दे."

तिने डोळे मिटले. एक बाटली हुंगली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"साहेब, यातलं अ‍ॅसिड कुठलं ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "साबणाला उगाच शिव्या घालत होते. ओतलं मी. वास हिला आला, तिने मला सांगितलं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, सून राहू दे. पण बाटल्या आणि लॉबी आजपासून तिच्याकडे. तुम्ही जिना बघा, साध्या पाण्याने. त्यांना वाटलं आपण सोपं करून दिलं. मावशी बरं म्हणाली. दिवसभर ती कुणावरही ओरडली नाही, आणि त्यामुळे वॉचमनला करमेना.

दुसऱ्या दिवशी कपाटात एका बाटलीला लाल चिंधी होती. मावशीने ती गाठ बोटाने चाचपून पाहिली, जरा सैल वाटली, ती घट्ट केली आणि बादली घेऊन वर गेली.

जिना पुसून ती शेवटच्या पायरीवर आली तेव्हा सून लॉबीच्या मधोमध होती. अर्धी लॉबी ओली होती, दार त्यात उतरलं होतं, फक्त लिफ्टपाशी नाही. सुनेने वर पाहिलं, पण काही सांगितलं नाही.

मावशीने चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेने, कोरड्या बाजूने, चालत बाहेर गेली.